क्षेत्र, यात्रा आणि वस्ती

१

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर नावाचे एक लहानसे गाव आहे. पौष अमावास्येच्या रात्री तेथे नागोबाची महापूजा होते आणि पुढे काही दिवस जत्रा भरते. ही पूजा मेसराम या गोंड कुळाची. पूजेच्या कित्येक दिवस अगोदर कुळातील मंडळी छकड्यातून गावोगाव हिंडून यात्रेची वर्दी देतात. नंतर काही जण पायी निघून गोदावरीवरील हस्तलमडुगू येथून झारीत पाणी भरून आणतात. परतल्यावर ती एकदम देवळात शिरत नाहीत. गावाबाहेरच्या वडाखाली त्यांचा मुक्काम पडतो, आणि नेमलेली वेळ आली म्हणजेच ती देवळाकडे वळतात. कुळाच्या स्वयंपाकाला चुली बावीस. कुळाचा विस्तार कितीही झाला तरी चुलींची संख्या वाढत नाही. ज्याने त्याने आपल्या शाखेच्या चुलीपाशी, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे असते. नव्या सुनांची देवाला ओळख करून देण्याचा ‘भेटिंग’ नावाचा विधीही असाच ठरल्या रात्री, ठरल्या क्रमाने होतो.

या यात्रेला आता लाखांनी माणसे जमतात. तेलंगणातून येतात, पैनगंगा ओलांडून किनवट-माहूरकडून येतात, चंद्रपूरकडून येतात. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांची स्थिती अभ्यासण्यास पाचारण केले. त्यांच्या सूचनेवरून १९४०च्या दशकात याच यात्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. आदिवासींनी कचेरीत यावे असे न म्हणता, ते जेथे स्वतःच्या रीतीने एकत्र येतात तेथे सरकारने जावे, अशी त्यामागची दृष्टी होती. हायमेनडॉर्फ यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याच सुमारास आपले सेतुमाधवराव पगडी हेही या भागातील गोंडांविषयी लिहीत होते. अभ्यासकांनी या यात्रेविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष विशेष वेधले गेले, ती अशी की, पाहुण्याने केव्हा यावे, कोठे थांबावे आणि कोणाच्या अनुज्ञेने आत जावे, हे तीनही प्रश्न येथे यात्रेनेच सोडवून ठेवले आहेत.

अलीकडे ‘अतिपर्यटन’ असा एक शब्द प्रचारात आला आहे. एखाद्या जुन्या वस्तीत पाहणारे इतके वाढावेत की राहणाऱ्यांना राहणे कठीण व्हावे, असा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी गोष्ट नवी आहे काय? आपल्याकडे क्षेत्राच्या गावांना कित्येक शतकांपासून वस्तीहून कितीतरी अधिक पाहुण्यांची सवय आहे. ती गावे टिकली कशी, आणि आज ज्या उपायांनी आपण त्यांना वाचवू पाहतो त्यांनी ती टिकतील काय, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरण म्हणून पंढरपूर घेतले आहे, कारण आमच्या जिल्ह्यातील मराठी कुटुंबांची पंढरीची वाट कधी बंद पडलेली नाही. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून वेगळे झाले आणि आम्ही प्रथम आंध्रात व २०१४ साली तेलंगणात आलो. पण आषाढीला जाणाऱ्यांनी ही सीमा कधी मनावर घेतली नाही.

२

पंढरपूर हे जसे देवाचे गाव आहे, तसे ते दाट वस्तीचे गाव आहे. देवळाच्या भोवती महाद्वार, पश्चिमद्वार, चौफाळा या भागांतून आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर वाडे, मठ, धर्मशाळा व दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. होळकरांचा आणि शिंद्यांचा वाडा, फडकऱ्यांचे मठ, क्षेत्रोपाध्यांची घरे, हारतुरे व चुरमुऱ्यांची दुकाने असा हा एक संसार आहे. देवळात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ या नावाने प्रसिद्ध असलेला यादवकालीन लेख आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या लेखात दूरदूरच्या भक्तांनी देवास दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही या गावाचा निर्वाह बाहेरून येणाऱ्यांवर चालत होता. पाहुणा आणि रहिवासी यांचा संबंध येथे इतका जुना आहे.

या संबंधाला वळण लावण्याचे काम वारीने केले. वारी ही भक्तीची परंपरा आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु ती गर्दीची व्यवस्थाही आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली गोष्ट तिथीची. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा वर्षाच्या चार वाऱ्या. पालख्या दशमीला पंढरीत येतात, एकादशी होते, आणि पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की परतीला लागतात. काल्यानंतर रेंगाळणे वारकऱ्याच्या रीतीत बसत नाही. पाचसहा दिवस गाव आपले उरत नाही, हे खरे; पण सातव्या दिवशी ते परत मिळते, ही खात्रीही तितकीच खरी.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस देहूहून पालखी नेण्यास आरंभ केला. आळंदीच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. त्याला अंकलीच्या शितोळे सरकारांचे पाठबळ लाभले. रथाच्या पुढे किती दिंड्या, मागे किती, कोणाचा क्रमांक कोणता, मुक्काम कोठे, विसावा कोठे, हे सारे ठरलेले. चोपदाराने चोप उंचावला की लाखोंचा समाज क्षणात शांत होतो. सरकारी बंदोबस्ताला हे साधत नाही. पालख्या वाखरीला एकत्र जमतात आणि तेथून मानाच्या क्रमाने एकामागून एक गावात शिरतात. केसलापूरचा वड आणि पंढरीची वाखरी यांचे प्रयोजन एकच आहे. वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबावयाचे आणि आपली पाळी आली म्हणजे आत जावयाचे.

तिसरी गोष्ट दर्शनाची. पदस्पर्शासाठी रांगेत उभे राहण्याचा आग्रह सर्व वारकऱ्यांचा नसतो. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला मस्तक टेकणे आणि कळसाचे दर्शन एवढ्याने असंख्य वारकरी कृतार्थ होऊन परततात. गाभाऱ्यात पोहोचलाच नाही तरी वारी पावली, अशी ज्या संप्रदायाची समजूत आहे, त्याने एका दारावर येणारा भार आपोआप सबंध नगरीत वाटून दिला आहे. कोणी नगररचनाकारानेही याहून शहाणी योजना सांगितली नसती.

चौथी गोष्ट यजमानाची. लेखक बारा वर्षांचा असताना आजीबरोबर प्रथम आषाढीस गेला, तेव्हा आमच्या गावची मंडळी चौफाळ्याजवळच्या एका वाड्यात उतरली होती. ओसरीत, माडीवर, जिन्याच्या पायऱ्यांवरदेखील माणसे निजलेली. घरची मंडळी स्वयंपाकघर आणि एक खोली एवढ्यात गोळा होऊन बसली होती. घरच्या बाई पाण्याच्या हंड्याजवळ उभ्या राहून प्रत्येकाला सांगत, “माउली, पाणी जपून घ्या हो, उद्या एकादशी आहे, नळाचा भरवसा नाही.” त्यांच्याजवळ एक वही होती. तीत आमच्या गावाचे नाव, त्याखाली आजोबांचे नाव, आणि त्याहीपूर्वीच्या दोन पिढ्या लिहिलेल्या होत्या. निघताना आजीने घरची तूरडाळ त्यांच्या पदरात घातली. पैसे दिले ते निराळे. तो व्यवहार होता, यात शंका नाही. त्या घराचे वर्षाचे मीठमिरची या चार वाऱ्यांवर चालत असणार. परंतु ज्याने आपले नाव वहीत लिहिले आहे त्याच्या अंगणात थुंकण्यास माणूस धजत नाही, एवढा त्या व्यवहारात ओलावा होता.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे व्यंग झाकता कामा नये. तिच्यात सर्वांना दार उघडे नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, यातच तो इतिहास सामावलेला आहे. अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूंना गावात निवारा मिळेना, म्हणून गाडगेमहाराजांना चोखामेळ्याच्या नावाने निराळी धर्मशाळा उभारावी लागली. आणि देवळाचे दार उघडावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांविषयीच्या तक्रारींवर न्यायमूर्ती नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, आणि त्यावरील दीर्घ वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१४च्या जानेवारीत लागला. तेव्हा जुने ते सर्व चांगले, असा आमचा पक्ष नाही. यजमानपणाच्या नावाखाली मक्तेदारी माजते, हे या क्षेत्राने चांगलेच अनुभवले आहे.

३

ही घडी विस्कटली कशी? एका दिवसात कोणी ती मोडली नाही. प्रवासाची साधने बदलली, आणि त्याबरोबर यात्रेकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टीही बदलत गेली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारला यात्रा दिसली ती पटकीच्या रूपाने. यात्रेतून साथ फुटते आणि परतणाऱ्यांबरोबर गावोगाव जाते, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. मग यात्रेकरूंवर कर, सफाईची व्यवस्था, दवाखाना, आणि पुढे विसाव्या शतकात पटकीची सक्तीची टोचणी असे उपाय आले. त्यांनी असंख्य जीव वाचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र या उपायांच्या दृष्टीने यात्रा हा आरोग्याचा प्रश्न होता आणि गाव हे त्या प्रश्नाचे ठिकाण होते.

१९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची आगगाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोहोचली. १९२७ साली ती मिरजेपर्यंत गेली. ज्या वाटेला पंधरावीस दिवस लागत ती काही तासांवर आली. पायी वारी बंद पडली नाही, ही महाराष्ट्राची थोरवी. पण तिच्या जोडीला दुसरी एक यात्रा सुरू झाली. तिला दिंडी नव्हती, विणेकरी नव्हता, वाखरीचा मुक्काम नव्हता. पुढे एस.टी. आली, मोटारी आल्या. २०२१च्या नोव्हेंबरात आळंदी व देहूच्या पालखीमार्गांच्या रुंद महामार्गांचे भूमिपूजन झाले. आता पुण्याहून सकाळी निघावे, दर्शन घ्यावे आणि रात्री घरी जेवावे, हे सहज शक्य आहे. परिणाम असा झाला की, चार वाऱ्यांचा भार वर्षभर पसरला. दर एकादशी, दर शनिवार-रविवार, दर सुट्टी ही लहानशी यात्राच झाली आहे. पूर्वी पाहुणा जास्त येत असे, पण तो जात असे; आता तो जातच नाही, फक्त बदलतो.

याच काळात सरकारच्या लेखी यात्रा ही आरोग्यानंतर वाहतुकीची बाब झाली. रस्ता अरुंद आहे, म्हणून घरे मागे घ्या, हे ओघानेच आले. १९८०च्या दशकातील विकास आराखड्यात देवळाजवळचे रस्ते रुंद झाले आणि अनेक वाड्यांचे दर्शनी भाग, काहींची सबंध घरे गेली. २०२२ साली देवळाभोवती विस्तीर्ण मोकळी जागा करण्याचा, ‘कॉरिडॉर’ या नावाने ओळखला जाणारा नवा आराखडा पुढे आला, तेव्हा रहिवाशांनी व व्यापाऱ्यांनी जो तीव्र विरोध केला, त्याच्या मुळाशी ही जुनी आठवण होती. एकदा दिले, आता दुसऱ्यांदा किती द्यावयाचे, असा त्यांचा प्रश्न होता.

या आराखड्याला प्रेरणा मिळाली ती काशीची. तेथे विश्वनाथाच्या देवळापासून गंगेपर्यंत मोकळी वाट करण्यासाठी सुमारे तीनशे मालमत्ता घेण्यात आल्या, आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी नव्या प्रांगणाचे उद्घाटन झाले. जेथे काही हजार चौरस फूट जागा होती तेथे सुमारे पाच लाख चौरस फुटांचे आवार झाले. यात्रेकरूंची सोय झाली, घाटावरून थेट देवळात जाता येऊ लागले, घरांच्या आड दडलेली कित्येक लहान देवळे उजेडात आली, हे सर्व खरे आहे. परंतु लाहोरी टोला नावाची जी जुनी आळी होती ती आता नाही. तिच्या गल्ल्या, तिचे ओटे, तिथली बोली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारपण यांची नोंद कोणत्याही मोजणीपत्रकात झालेली नाही.

४

येथे वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच, की माणसांच्या जिवापेक्षा वाड्यांची माया अधिक आहे काय? २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात, रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकातील चिंचोळ्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसे मेली. २००५च्या जानेवारीत मांढरदेवीच्या डोंगरावर सुमारे तीनशे मेली. या घटना विसरून जुन्या आळ्यांचे गुणगान करणे हे पाप होईल. रुग्णवाहिका शिरू शकत नाही अशा गल्लीत लाख माणूस लोटणे कोणालाही मान्य होणार नाही.

मात्र नाशिकने पुढे काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. २०१५च्या सिंहस्थात मिरवणुकीचा जुना अरुंद मार्ग बदलण्यात आला. परंपरेच्या वाटेला हात लावावयाचा म्हणून प्रारंभी कुरकूर झाली, पण ती शमली. तात्पर्य असे की, गल्ली आणि गर्दी यांचे माप जुळत नसेल तर गल्ली मोठी करणे हा एकच उपाय नसतो. प्रवाह दुसरीकडून नेता येतो, तो थोपवता येतो, त्याला वेळा लावून देता येतात. पंढरपुरातही याचे एक उदाहरण आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या ठोकून राहणाऱ्या लाखो यात्रेकरूंमुळे नदीची व सफाई कामगारांची जी दुर्दशा होई, तिचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाच्या आदेशांनंतर नदीपलीकडे पासष्ट एकरांचे मैदान तयार करून तेथे दिंड्यांच्या उतरण्याची व्यवस्था झाली. नळ, शौचकूप, दिवे यांची सोय झाली. यासाठी एकही आळी पाडावी लागली नाही. ही वाखरीचीच जुनी युक्ती होती, नव्या साधनांनी केलेली.

आणि रस्ता रुंद केला की गर्दीचे समाधान होते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. रुंद वाटेने अधिक माणसे येतात. अधिक माणसांसाठी अधिक निवास लागतात. मग उरलेल्या वाड्यांचे निवास होतात. लेखक काही वर्षांपूर्वी चौफाळ्याजवळचा तो वाडा शोधीत गेला. तेथे तीन मजली लॉज उभे आहे. खाली काउंटरवर एक परगावचा तरुण बसला होता. घरमालक पुण्यास असतात, असे त्याने सौजन्याने सांगितले. वहीविषयी विचारले, तेव्हा त्याने आधारकार्ड मागितले. त्याचा काही दोष नव्हता. पण वस्ती जाण्यासाठी प्रत्येक वेळी बुलडोझर लागतो असे नाही, हे त्या दिवशी नीट समजले. घर पाडूनही आळी जाते, आणि घर उभे ठेवून आतली माणसे गेली तरीही जाते.

या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे आज जगभर दिसतात. आपल्या गोव्यात पणजीची फोन्तेन्यास ही आळी घ्या. मोझांबिकात पैसा मिळवून आलेल्या, म्हणून ‘मोसमीकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दलदलीची जागा भरून तेथे माडांची बाग लावली; पुढे पणजी राजधानी झाली आणि टेकडी व खाडी यांमधील त्या पट्टीत पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांची घरे उभी राहिली. आता त्या रंगांपुढे छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची पहाटेपासून रीघ लागते. उंबऱ्यावर बसतात, जिन्यावर चढतात, खिडकीतून आत डोकावतात. येथे लोक राहतात, अशा पाट्या रहिवाशांना लावाव्या लागल्या आहेत. आपल्याच दारावर असे लिहिण्याची पाळी यावी, यापरते दुर्दैव कोणते?

व्हेनिसचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्या शहराच्या जुन्या भागात १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली आली. २०२४च्या एप्रिलात तेथे केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून, ठराविक गर्दीच्या दिवशी, पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी जपानात क्योतो येथील गिओन या जुन्या मोहल्ल्यातील खाजगी गल्ल्या प्रवाशांना बंद झाल्या. दक्षिण कोरियाच्या राजधानीत बुकचोन नावाची जुन्या घरांची वस्ती आहे. तेथील एका भागात सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेबाहेर प्रवाशांनी फिरू नये असा निर्बंध आला, आणि २०२५च्या मार्चपासून तो मोडणाऱ्यास दंड होऊ लागला. या तीन देशांनी जे शोधून काढले ते काय आहे? दिवस नेमणे, हद्द नेमणे, वेळ नेमणे. वारीने आणि केसलापूरच्या मेसरामांनी जे रूढीने केले तेच येथे कायद्याने करावे लागत आहे.

५

इतिहासापासून काही शिकावयाचे असेल तर जुन्या रूढी जशाच्या तशा आणून चालत नाही. त्यांच्यातील तत्त्व वेगळे काढावे लागते. आमच्या मते येथे तीन तत्त्वे आहेत.

पहिले, काळाची मर्यादा. क्षेत्राला भरतीचे दिवस असावेत तसे ओहोटीचेही असावेत. दर्शनाच्या वेळा आगाऊ नेमून देणे, रात्रीच्या ठराविक प्रहरी आळ्यांतून वाहने व कर्णे बंद ठेवणे, यात अशक्य असे काही नाही.

दुसरे, जागेची मर्यादा. वाहनतळ, निवास, बाजार आणि शौचकूप हे गावाच्या कडेला, आणि देवळाजवळ फक्त पायी जाणारे, असे विभाजन वाखरी आणि पासष्ट एकर यांनी आधीच शिकवले आहे. रुग्णवाहिकेसाठी आणि आगीच्या प्रसंगासाठी आवश्यक तेवढी वाट मोकळी करावीच लागेल. पण ती गल्लीगल्लीने मोजून, घरमालकासमक्ष करावी. नकाशावर एक जाड रेघ ओढून करू नये.

तिसरे, यजमानाची मान्यता. हे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक आहे. ज्यांच्या दारावरून यात्रा जाते त्यांना निर्णयात मत आणि उत्पन्नात वाटा असला पाहिजे. जुना वाडा दुरुस्त करण्यास साहाय्य मिळाले, राहत्या घराचे सबंध निवासगृह करण्यावर मर्यादा आली, आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांस देणाऱ्या कुटुंबाला करात सवलत मिळाली, तर पुण्यास गेलेला मालक कदाचित परतणार नाही, परंतु आज राहणारा तरी जाणार नाही. जुन्या यजमानपणात जातीची भिंत आणि मक्त्याची बेडी होती. नव्या यजमानपणात ती असता कामा नये. मक्तेदारी मोडावयाची म्हणून शेजारही मोडला पाहिजे, असे मात्र नाही.

यावर कोणी म्हणेल की, देवाला घरांशी काय कर्तव्य? त्याचे उत्तर पंढरीच्या देवळातच मिळते. आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. मग कित्येक दिवस देवाला निद्रा नाही. अहोरात्र दर्शन चालू. विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या तेवढा ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गाभारा धुऊन निघतो, देवाला ऊन पाण्याचे स्नान घालतात, शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग परत आणतात, आणि देव निजतो. साक्षात परब्रह्माला गर्दीचा शीण होतो, आणि त्याला विसावा देणे हे भक्तांचे कर्तव्य आहे, असे मानणारी ही परंपरा आहे. देवळाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसालाही शीण होतो, एवढी एकच पायरी तिला पुढे जावयाचे आहे.

केसलापूरच्या मेसरामांनी आपसांत वर्गणी करून नागोबाचे नवे दगडी देऊळ बांधले. २०२२च्या डिसेंबरात ते पूर्ण झाले. देऊळ मोठे झाले, यात्राही मोठी झाली. पण वडाखालचा मुक्काम राहिला आहे, आणि चुली बावीसच आहेत. आमच्या शाळेतील मुले दरवर्षी यात्रेस जातात आणि परत आली की तेथील पाळण्यांच्या व खेळण्यांच्या गोष्टी सांगतात. त्यांना यंदा आम्ही एक काम सांगितले आहे. वडाखाली किती वेळ थांबावे लागते आणि का, हे तेथील एखाद्या वृद्धाला विचारून लिहून आणावे. क्षेत्राचा इतिहास शिकवण्यास याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.